परळीची राख आणि न दिसणारा पारा

राखेला आपल्याकडे किती कामे लावली होती ते लिहायला बसले तर पाटी भरेल. चुलीतली राख भांडी घासायला. राखुंडी दात घासायला. कडधान्य साठवताना त्यात राख कालवायची, म्हणजे किडा लागत नाही. देवळातला अंगारा, शंकराचे भस्म, आणि सगळ्यात शेवटी आपली रक्षा. आमच्या लहानपणी घरातली राख कुठे टाकायची असा प्रश्न कधी पडला नाही. उरलीच तर उकिरड्यावर जायची आणि तिथून खतात मिसळून रानात. तर मंडळी, राखेचा ‘प्रश्न’ होऊ शकतो ही गोष्ट आमच्या पिढीला नवीच. मराठवाड्यात तो प्रश्न परळीला सुरू झाला. आज त्याचाच इतिहास लिहिते. मध्ये आकडेमोड येईल. जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेल्या बाईची आकडेमोड आहे, गणिताच्या मास्तरांनी गोड मानून घ्यावी :)

परळीला वैजनाथाचे ज्योतिर्लिंग आहे हे सांगायला नको. भस्म लावणाऱ्या देवाच्या गावात राखेचे डोंगर उभे राहावेत हा योगायोग गमतीचा वाटतो, पण तिथे राहणाऱ्यांना त्यात गंमत वाटत नसणार. तिथले औष्णिक वीज केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. पहिले दोन संच अवघे तीस-तीस मेगावॉटचे. लगेच १९७२ चा दुष्काळ आला, आणि त्या दिवसांत ‘मराठवाड्याची स्वतःची वीज’ ही फार मोठी गोष्ट वाटायची. मग २१० मेगावॉटचे तीन संच आले, १९८०, १९८५ आणि १९८७ मध्ये. हे पाचही जुने संच आता बंद आहेत. आज चालतात ते २५० मेगावॉटचे तीन, २००७, २०१० आणि २०१६ चे. मधल्या काळात, २००५ साली, वीज मंडळाचे तुकडे होऊन वीज तयार करण्याचे काम महानिर्मितीकडे गेले.

भूगोलाच्या तासाला मुले घोकायची: कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, एकलहरे, पारस, परळी. नकाशात चिमणीचे चिन्ह काढले की पैकीच्या पैकी गुण. चिमणीखाली काय साठते ते विचारणारा प्रश्न कोणत्याच प्रश्नपत्रिकेत नसे.

काय साठते त्याचा हिशेब आधी करू. एक युनिट वीज करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. २५० मेगावॉटचा संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालला तर ६० लाख युनिट होतात, म्हणजे ४,२०० टन कोळसा. आपल्या कोळशात राखेचा अंश ३० ते ४५ टक्के असतो. ३५ धरला तरी एका संचाची एका दिवसाची राख झाली १,४७० टन. पंधरा टनांचा एक ट्रक धरा, शंभर ट्रक. तीन संचांचे तीनशे. रोज.

इतकी राख का, याचे उत्तर फार जुने आहे. आपला बराचसा कोळसा गोंडवन काळातला. वर्धा-गोदावरीच्या खोऱ्यातला कोळसाही त्यातलाच. पुरात वाहून आलेली झाडे गाळासकट पुरली गेली, त्यामुळे माती त्याच्या अंगातच मुरलेली. धुऊन ती पूर्ण निघत नाही. लांबच्या केंद्रांना ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा पाठवू नये असा नियम सरकारने १९९७ मध्ये केला होता. मे २०२० मध्ये तो काढून टाकला. त्यावर एवढेच म्हणते, की कोळशाबरोबर आलेली माती आपण रेल्वेचे भाडे भरून शेकडो किलोमीटर वाहून आणतो, आणि आणल्यावर ती कुठे टाकायची म्हणून बैठका घेतो.

ही सगळी राख एका जागी पडत नाही. जड भाग, साधारण पाचवा हिस्सा, भट्टीच्या तळाशी पडतो. बाकीची पिठीसारखी बारीक राख धुराबरोबर वर निघते. तीच उडती राख, फ्लाय अ‍ॅश. ती चिमणीतून बाहेर पडू नये म्हणून धूर विजेचा भार दिलेल्या पत्र्यांमधून नेतात. राखेच्या कणांना विजेचा भार चिकटतो, ते पत्र्यावर बसतात, आणि पत्र्यावर ठोके मारून राख खाली पाडतात. हे यंत्र कॅलिफोर्नियातल्या फ्रेडरिक कॉट्रेल या प्राध्यापकाने काढले. त्याचे पेटंट १९०८ चे. ईएसपी म्हणतात ते हेच. यंत्र नीट चालले तर जवळजवळ सगळी राख धरून ठेवते. मग आकाशातला प्रश्न जमिनीवर येतो.

जमिनीवर तो सोडवायची जुनी रीत म्हणजे राखेत पाणी मिसळायचे, पातळ गारा करायचा आणि पाइपातून तळ्यात सोडायचा. एक भाग राखेला पाच, दहा, कधी त्याहून जास्त भाग पाणी. आता हे पाणी मराठवाड्यात आणायचे कुठून? परळीचे केंद्र गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याच्या पाण्यावर चालते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी सगळे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. आपल्याकडे त्या वर्षांत टँकरची वाट पाहत बसलेल्यांना याची तपशीलवार आठवण करून द्यायला नको. केंद्राला सगळ्यात जास्त पाणी वाफ थंड करायला लागते, राखेला त्याहून कमी. पण गोदावरीचे पाणी राख वाहून न्यायला वापरायचे ही कल्पनाच दुष्काळी प्रदेशात मनाला पटत नाही. अलीकडे कोरडी राख बंबात भरून नेतात, पाणी कमी घालून घट्ट गाराही करतात, काही पाणी तळ्यातून परत घेतात. हे सगळे आधी व्हायला हवे होते.

तळ्यांचे पुढे काय होते ते विदर्भाने पाहिले. १६ जुलै २०२२ ला, भर पावसात, कोराडीचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राखेचा लोंढा शेतांतून कोलार नदीत गेला, आणि कोलार जाते कन्हानला, जिचे पाणी नागपूर पिते. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत सगळे घरात असताना, मध्य प्रदेशात सिंगरौलीकडे सासनचा बंधारा फुटला आणि माणसे राखेत वाहून गेली. त्यात लहान मुलेही होती. अमेरिकेतही डिसेंबर २००८ मध्ये टेनेसी राज्यात किंग्स्टनला हेच झाले. म्हणजे आपलेच लोक हलगर्जी आणि तिकडे सगळे शिस्तीत, असे काही नाही. ओली राख मातीच्या बांधाआड वर्षानुवर्षे साठवली की बांध कधीतरी दगा देतोच.

आता राखेची दुसरी बाजू. इथे इतिहासाच्या बाईला जरा मोकळे बोलू द्या! रोमन लोक इटलीतल्या पोझुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून बांधकाम करत. पाण्यातसुद्धा ते घट्ट होई. त्या गावावरूनच ‘पोझोलाना’ हा शब्द आला. सिमेंटच्या पोत्यावर ‘पोर्टलँड पोझोलाना सिमेंट’ असे छापलेले असते आणि जवळच ‘फ्लाय अ‍ॅश’ हे शब्दही असतात, ते पुढच्या वेळी वाचून पाहा. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते. कोळशाची राख ज्वालामुखीच्या राखेसारखीच वागते हे विसाव्या शतकात नीट कळले. अमेरिकेत हंग्री हॉर्स नावाचे धरण १९४८ ते १९५३ मध्ये बांधले, त्यात लाखावर टन राख घातली. आपल्याकडे रिहंद धरणात, १९६२ च्या सुमारास, सिमेंटचा काही भाग राखेने भरला. महाराष्ट्रात घाटघरची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, देशातली त्या पद्धतीची पहिली. त्यांत सिमेंटपेक्षा राखच जास्त आहे.

म्हणजे राख उपयोगी आहे हे माहीत होते, तरी वापर होत नव्हता. १९९६-९७ साली देशात जवळजवळ ६९ दशलक्ष टन राख निघाली आणि वापरली गेली दहा टक्क्यांहूनही कमी. दिल्ली उच्च न्यायालयात एक जनहित याचिका झाली, आणि १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने पहिली राख अधिसूचना काढली. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत निदान २५ टक्के राख मिसळावी, आणि केंद्राने ती दहा वर्षे फुकट द्यावी. गंमत अशी, की या अधिसूचनेचा हेतू वरची सुपीक माती वाचवणे हा होता. विटांसाठी रानाची माती खरवडली जाते ती थांबावी म्हणून. हेतू चांगलाच. पण राखेच्या तळ्याशेजारी ज्याची विहीर आहे तो त्या कागदावर पहिल्या ओळीत नव्हता.

पुढे ५० चे १०० किलोमीटर झाले, मग ३००. २००९ पासून केंद्रांना राख विकायची मुभा मिळाली, छोट्या विटवाल्यांसाठी काही हिस्सा फुकट ठेवून. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये राखेचे स्वतंत्र धोरण केले, असे करणारे देशातले पहिले राज्य. आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने दंड आला: न वापरलेल्या राखेला टनामागे हजार रुपये. जुन्या तळ्यांतली साचलेली राखही दहा वर्षांत उपसायची. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २७१ दशलक्ष टन राख निघाली आणि त्यातली जवळजवळ ९६ टक्के वापरली गेली असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा अहवाल सांगतो. दहावरून शहाण्णव! कोणत्याही शाळेला अभिमान वाटावा असा निकाल.

पण निकालपत्रात विषय कोणते धरले तेही बघावे लागते. सिमेंट, विटा, रस्ते तर आहेतच. पण खोलगट जमिनी भरणे आणि जुन्या खाणींत टाकणे हेही ‘वापर’ या सदरातच मोडते. खड्ड्यात टाकलेली राख कागदावर वापरली गेली, जमिनीच्या दृष्टीने ती फक्त जागा बदलून बसली.

आणि फुकटच्या वस्तूला किंमत आली की काय होते ते परळीने दाखवले. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्याच्या कारभाराची चर्चा सुरू झाली, त्यात परळीच्या राखेचा उपसा आणि वाहतूक राज्यभर गाजली. ‘राख माफिया’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. वाळू माफिया आपल्याला माहीत होते. राखेलाही ते चिकटतील असे कोणाला वाटले असेल? उघड्या टिपरमधून राख रस्त्याभर उडवत नेली, तर ईएसपीने अडवून काय मिळवले? चिमणीतून उडायची ती रस्त्यावरून उडते, आणि तीही माणसाच्या नाकाच्या उंचीवर.

आता पारा. राख निदान डोळ्यांना दिसते, पारा तेही नाही. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या नळीतला तो चकचकीत थेंब आठवा, साधारण ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी. कोळशात पारा अगदी थोडा असतो, टनाला ०.१ ते ०.३ ग्रॅमच्या आसपास. पण आपल्या त्याच ४,२०० टनांना गुणा. एका संचातून एका दिवसात चारशे ग्रॅम ते सव्वा किलो पारा भट्टीत जातो. शेकडो थर्मामीटर रोज फोडल्यासारखे. भट्टीच्या उष्णतेत त्याची सगळी वाफ होते. धूर थंड होताना काही पारा राखेच्या कणांना चिकटतो, विशेषतः राखेत न जळलेला कोळसा राहिला असेल तर. काही पाऱ्याचा क्लोरीनशी संयोग होतो, तो पाण्यात विरघळतो. उरलेला नुसत्या वाफेच्या रूपात चिमणीबाहेर जातो आणि महिनोन्महिने हवेत राहून दूर देशी जाऊन पडतो. आपल्या कोळशात क्लोरीन कमी, त्यामुळे हा शेवटचा हिस्सा आपल्याकडे मोठा.

पारा पाण्यात उतरला की जिवाणू त्याचे मिथाइल पारा नावाचे विष करतात. ते लहान माशातून मोठ्या माशात साठत जाते आणि शेवटी माणसाच्या मज्जातंतूंपर्यंत पोचते. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ मध्ये हा आजार प्रथम नोंदला गेला. तिथे दोष कोळशाचा नव्हता, एका रसायन कारखान्याच्या सांडपाण्याचा होता. पण त्या गावाच्या नावानेच पाऱ्याबद्दलचा जागतिक करार झाला, २०१३ मध्ये, आणि त्यात कोळशाची वीज केंद्रे नावानिशी आहेत. भारताने २०१४ मध्ये सही केली, २०१८ मध्ये तो मान्य केला.

त्याआधीच, ७ डिसेंबर २०१५ रोजी, आपल्या सरकारने वीज केंद्रांच्या धुराला नव्या मर्यादा घातल्या आणि त्यात पहिल्यांदा पारा आला: धुराच्या एका घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. ऐकायला कडक वाटते. पण हिशेब करून पाहा. किलोभर कोळशाचा धूर साधारण साडेसहा घनमीटर. त्यात पारा ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे काहीही न अडवता घनमीटरला ०.०१५ ते ०.०४५. त्यातला काही राखेबरोबर ईएसपीत अडकतोच. मग ०.०३ च्या खाली यायला वेगळे काय करायचे? उंच उडीची दोरी जमिनीवर ठेवावी आणि सगळी मुले पास म्हणून जाहीर करावे, तसे हे आहे. शिवाय २००४ पूर्वीच्या ५०० मेगावॉटहून लहान संचांना पाऱ्याची ही मर्यादासुद्धा नाही. परळीचे २१० चे संच त्यातलेच होते.

पारा अडवायचे उपाय नाहीत असे नाही. कोळसा धुतला तर थोडा पारा आधीच जातो. धुरातला गंधक काढणारे यंत्र बसवले तर पाण्यात विरघळणारा पारा त्यात उतरतो. आणि धुरात सक्रिय कोळशाची भुकटी फवारली तर पारा तिला चिकटून ईएसपीत पडतो. पण या तिसऱ्या उपायात एक मेख आहे, आणि मला सांगायची मुख्य गोष्ट तीच. ती भुकटी राखेत मिसळली की राख काँक्रीटच्या कामाची राहत नाही, कारण कार्बन काँक्रीटमध्ये घालायची रसायने शोषून घेतो. हवा स्वच्छ केली की राख बिघडते. राख विकायची ठरवली की हवेकडे दुर्लक्ष करायचा मोह होतो. ज्या कचेरीत राखेचे टक्के मोजतात तिथे पाऱ्याचे वजन कोणी मागत नाही, आणि कागद तर वेगवेगळ्या फायलींत. खरे तर वही एकच आहे. धुरातून पारा वजा केला की तो राखेच्या रकान्यात जमा होतो, नाहीसा होत नाही.

गंधकाच्या यंत्रांचे काय झाले? २०१५ मध्ये दोन वर्षांची मुदत होती. ती वाढत वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. मोठ्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतली केंद्रे सक्तीत राहिली, अति प्रदूषित भागातल्यांचे प्रकरणागणिक ठरणार, बाकी मोकळी. गंधकाबरोबर थोडा पारा अडला असता, तोही गेला. खेड्यातली हवा कोणाच्या हिशेबात नसते हे आम्ही खेड्यातले जाणतो, पण ते राजपत्रात छापून यावे याचे वाईट वाटते.

याच राज्यात एका तालुक्याने मात्र हे करून घेतले. डहाणूचे केंद्र १९९५ चे, भोवती चिकूच्या बागा. तिथले बागायतदार आणि कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यापुरते एक पर्यावरण प्राधिकरण नेमले गेले. कंपनी चालढकल करत होती, पण प्राधिकरण हटले नाही आणि २००७ मध्ये गंधक काढणारे यंत्र बसलेच. दादा धर्माधिकारींच्या या मुलाने २०१९ मध्ये जाईपर्यंत ते काम सोडले नाही. मराठवाड्याला चिकूच्या बागा नाहीत, पण कापूस आहे, तूर आहे, आणि माणसे तर आहेतच.

जाता जाता घरातल्यांसाठी एक. पुतण्याचे मंठ्यात बांधकाम चालू आहे. परवा त्याने विचारले, “काकू, लाल वीट घ्यावी का राखेची?” मी म्हटले, राख दोन्हीत असू शकते, भट्टीवाल्याला विचारून घे. फरक भाजण्याचा आहे. करड्या विटेत राख, चुना किंवा सिमेंट आणि कच दाबून तिला पाण्यावर पिकवतात. तिच्यात पारा असला तरी तो तिथेच अडकून राहतो. लाल विटेत माती-राख कालवून ती नऊशे-हजार अंशांवर भाजतात, आणि पाऱ्याची वाफ तर ३५७ अंशांवरच होते. वीज केंद्राने धुरातून अडवलेला पारा गावाबाहेरच्या भट्टीतून पुन्हा हवेत जातो, आणि त्या भट्टीला ना ईएसपी, ना उंच चिमणी. त्याने करड्या विटांची ऑर्डर दिली आहे. गवंडी कुरकुरतोय, म्हणतो गिलावा नीट धरत नाही. विटा आधी भिजवायला सांगितल्या आहेत, बघू.